कोळशाच्या पट्ट्यात दोन प्लॉट घेताना

वणी शहराच्या कडेला एकमेकांना लागून असलेले दोन प्लॉट आम्ही घेतले. एक आमच्या घरासाठी आणि एक नागपूरला नोकरी करणाऱ्या धाकट्या भावासाठी. प्रत्येक प्लॉट तीस बाय पन्नास, म्हणजे पंधराशे चौरस फुटांचा. व्यवहार तसा लहानच होता, पण तो पुरा होईपर्यंत महसूल कायद्यापासून खाणीतल्या सुरुंगांपर्यंत बऱ्याच गोष्टी समजून घ्याव्या लागल्या, आणि त्यांतल्या कित्येक इथल्या जुन्या रहिवाशांनाही तुकड्यातुकड्यानेच ठाऊक असल्याचे दिसले.

यवतमाळ जिल्ह्यातील हा तालुका कापसाचाही आहे आणि कोळशाचाही. काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर. वर्धा नदीच्या अंगाला उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी अशा उघड्या खाणी. आणि राजूरला चुनाभट्ट्या. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे येथील खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सकडे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या ‘डब्ल्यूसीएल’कडे आल्या. त्यामुळे इथल्या जमिनीला एकाच वेळी तीन भाव असतात. पहिला भाव त्या वावरात काय पिकते यावर ठरतो, दुसरा तिथे घर बांधता येईल का यावर ठरतो, आणि तिसरा, जो कुठल्याही तक्त्यात सापडत नाही, तो उद्या खाणीसाठी संपादन होईल या आशेचा असतो. समोरचा माणूस यांपैकी कोणता भाव सांगतो आहे हे ओळखता आले की अर्धा व्यवहार समजला, असे मी आता मानतो.

बाजारात आमच्यासमोर आलेल्या जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या होत्या. अकृषक परवानगी मिळालेले, नगररचना विभागाने अंतिम मंजुरी दिलेले ले-आऊट सर्वांत महाग होते. त्याखालोखाल ज्यांच्या माहितीपत्रकावर ‘एनए (म्हणजे अकृषक) प्रस्तावित’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते ते ले-आऊट. सर्वांत स्वस्त म्हणजे सरळ वावरच. त्यात चुन्याच्या रेघा ओढून गुंठ्यागुंठ्याने विकायला काढलेले तुकडे. या तिसऱ्या प्रकाराला गिऱ्हाईक भरपूर असते, कारण पैसे हप्त्याने देता येतात आणि जागेचा ताबा लगेच मिळतो. कागद म्हणून शंभराच्या, आणि २०२४ पासून पाचशेच्या, मुद्रांकावर नोटरी केलेले संमतीपत्र हाती पडते.

आम्ही शेतकरी नाही, त्यामुळे हा तिसरा मार्ग आमच्यासाठी मुळातच बंद होता. विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाचे कलम ८९ शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या नावे करण्यास मनाई करते. शिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहेच. २०२३ मध्ये त्याखालचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकड्याची विक्री होत नाही ते, जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ठरवण्यात आले. दोन गुंठ्यांचे खरेदीखत होत नाही म्हणूनच संमतीपत्राचा घाट घातला जातो, आणि नोंदणी न झालेल्या अशा कागदाने मालकी येत नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा २००१ चा कायदा आहे आणि त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या तुकड्यांसाठी वाढवलेलीही आहे, परंतु दलाल त्याचा दाखला आजच्या तुकड्यांसाठी देतात. ‘पुढे सरकार सगळे नियमित करते’ हे वाक्य आम्ही इतक्या तोंडांतून ऐकले की ते विक्रीच्या प्रशिक्षणातच शिकवत असावेत.

‘एनए प्रस्तावित’ या शब्दांचा अर्थ एवढाच की कुणीतरी अर्ज केला आहे, किंवा करणार आहे. अशाच एका ले-आऊटने आम्हांला काही काळ मोहात पाडले. जागा खाणींच्या बाजूला होती, भाव मंजूर ले-आऊटच्या निम्म्याहून कमी होता, आणि दलालाचे म्हणणे असे की, “सर, घर बांधा नाहीतर नका बांधू, कंपनी आली की तिप्पट.” जागा दाखवायला आलेल्या शेजारच्या धुऱ्यावरच्या वयस्कर शेतकऱ्याने मात्र दलाल गाडीकडे वळल्यावर हळूच सांगितले, “मास्तर, वरची माती माही, खालचा कोयसा सरकारचा. तुमी फकस्त वरचंच इकत घेऊन रायले.” त्याचे म्हणणे कायद्याला धरून होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ मध्ये खनिजांवरील शासनाचा हक्क स्पष्ट शब्दांत राखून ठेवलेला आहे. खरेदीखतात ‘झाडझुडूप, दगडधोंडा, निधीनिक्षेपासह’ अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भाषा असली, तरी तिने कोळसा आपला होत नाही.

‘कंपनी येणार’ म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यात आमचा सर्वाधिक वेळ गेला, आणि तो गेला हे बरेच झाले. कोळशासाठी जमीन घेण्याचा केंद्राचा स्वतंत्र कायदा आहे, कोळसाधारक क्षेत्रे (संपादन व विकास) अधिनियम, १९५७. त्याच्या कलम ४ ची अधिसूचना निघाली म्हणजे त्या क्षेत्रात कोळसा शोधण्याचा शासनाचा इरादा जाहीर झाला. सर्वेक्षण करता येते, छिद्रे घेता येतात, पण मालकी मालकाकडेच राहते. त्यानंतर दोन वर्षांत, किंवा वाढवून मिळालेल्या आणखी एका वर्षात, कलम ७ खाली संपादनाचा इरादा जाहीर व्हावा लागतो. त्यावर कलम ८ प्रमाणे ३० दिवसांत हरकती घेता येतात. पुढे कलम ९ ची घोषणा राजपत्रात प्रसिद्ध झाली की कलम १० नुसार ती जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे निहित होते, आणि कलम ११ खाली ती सरकारी कंपनीकडे सोपवता येते. म्हणजे कलम ९ च्या घोषणेनंतर जुन्या मालकाकडे विकण्यासारखे काही उरत नाही, त्याच्या घरात सातबाऱ्याचा कागद कितीही कोरा असला तरी.

अडचण नेमकी त्या कागदाचीच आहे. ही अधिसूचना निघते भारताच्या राजपत्रात, भाग २, खंड ३, उपखंड दोनमध्ये. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तिची नोंद त्याच दिवशी आपोआप उमटत नाही. म्हणून नुसता स्वच्छ सातबारा पाहून या पट्ट्यात जमीन घेणे धोक्याचे आहे. आम्ही राजपत्राच्या संकेतस्थळावर तालुक्याचे आणि गावाचे नाव घालून शोध घेतला, गट क्रमांकांच्या याद्या वाचल्या, तहसील कार्यालयात भूसंपादनाचे काम पाहणाऱ्या लिपिकाला भेटलो, आणि खाणीच्या क्षेत्रीय कार्यालयातील जमीन विभागात त्या गटाबद्दल लेखी अर्ज दिला. त्या गावाचे काही गट अधिसूचनेत होते. आमच्यासमोर ठेवलेला गट त्यांत नव्हता, पण त्याच्या दोन बाजूंचे शेजारी होते.

दलालाने याच गोष्टीला फायदा म्हणून पुढे केले. त्याचे गणित तपासून पाहिले, तर ते प्लॉटधारकाच्या बाजूने फारसे बसत नाही. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात जमीन गेलेल्यांना दोन एकरांमागे एक नोकरी अशी तरतूद आहे, आणि या तालुक्यात जमिनीच्या मोबदल्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व त्या नोकरीला असते. पंधराशे चौरस फुटांच्या मालकाला नोकरी दूरच राहिली. मोबदला ठरवताना २०१३ च्या भूसंपादन कायद्याची पद्धत लागू होते, ज्यात बाजारभाव, त्यावरचा गुणक आणि शंभर टक्के दिलासा रक्कम येते. परंतु तो बाजारभाव कागदोपत्री असलेल्या शेतजमिनीचा की दलालाने प्लॉट म्हणून घेतलेल्या किमतीचा, हा प्रश्न ज्याच्याकडे संमतीपत्राखेरीज काहीच नाही त्याच्यासाठी निघतच नाही, कारण मोबदल्याच्या यादीत नाव मूळ शेतकऱ्याचे असते. बोलणी आम्ही तिथे थांबवली.

खाणीच्या बाजूच्या जागांबद्दल अधिसूचनेव्यतिरिक्तही काही प्रश्न होते, आणि त्यांची उत्तरे आम्हांला कार्यालयांपेक्षा एका निवृत्त मायनिंग सरदाराकडून, म्हणजे खाणीत कामावर देखरेख ठेवणाऱ्याकडून, मिळाली, जे आमच्या गल्लीतच राहतात. राजूरसारख्या ठिकाणी जुन्या काळी भूमिगत खाणकाम झालेले आहे. भूमिगत खाणीत कोळशाचेच खांब उभे ठेवून त्यांच्यामधून गल्ल्या काढतात, आणि शेवटी ते खांबही काढून घेतात, त्याला डिपिलरिंग म्हणतात. मोकळ्या झालेल्या जागेत वाळू भरली नसेल, तर छत खाली बसते आणि वरची जमीन खचते. “पिलर उभे असतील तोवर घोर नाही. डिपिलरिंग झालं असेल तर वर काय होईल आणि कधी होईल, ते मी सांगू शकत नाही,” असे ते म्हणाले. खाणीच्या नियमांनुसार सार्वजनिक बांधकामे, रेल्वे किंवा दुसऱ्याच्या मालकीची कायमची इमारत यांच्यापासून ४५ मीटरच्या आत काम करायचे असेल, तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते. हा नियम आधीपासून उभ्या असलेल्या घराला वाचवतो. ज्या जमिनीखालचे काम कित्येक वर्षांपूर्वी संपले आहे तिच्यावर आज कुणी घर बांधले, तर त्याला तो उपयोगाचा नाही.

उघड्या खाणीच्या बाबतीत प्रश्न सुरुंगाचा असतो. सुरुंग उडवण्याच्या जागेपासून ५०० मीटरचा परिसर धोक्याचे क्षेत्र मानला जातो आणि स्फोटाच्या वेळी तो मोकळा करावा लागतो. त्यापलीकडे दगड उडून येण्याची भीती कमी, पण हादरे पोचतात. खाणीच्या मालकीची नसलेल्या साध्या घरांसाठी महासंचालनालयाने १९९७ च्या परिपत्रकात हादऱ्याची मर्यादा ठरवून दिली आहे. कंपनाची वारंवारिता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर हादऱ्याचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ दरम्यान १० आणि त्यावर १५. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाच्या भिंतींना भेगा आहेत आणि ते दोष सुरुंगाला देतात. सरदारकाकांचे मत वेगळे पडले. त्यांच्या मते इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते, आणि उथळ पायावरचे घर खाण नसलेल्या गावातही याच तऱ्हेने तडकते. दोघांचे म्हणणे खरे असू शकते. घर बांधणाऱ्याला दोन्हींची तजवीज करावी लागते. याखेरीज खाणीतले पाणी सतत उपसले जाते, त्यामुळे जवळच्या विहिरींची पातळी खाली जाते, आणि कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून असलेल्या घरांच्या दारांवरची धूळ तर कुणाला दाखवून द्यावी लागत नाही.

शेवटी आम्ही खाणपट्ट्याच्या विरुद्ध बाजूला, शहराला लागून असलेल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतला एक मंजूर ले-आऊट निवडला. तिथे पोचल्यावरही कागदांची चौकशी संपत नाही, फक्त तिचे स्वरूप बदलते. ले-आऊटचे क्षेत्र ५०० चौरस मीटरहून जास्त असल्याने महारेरात, म्हणजे स्थावर प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंद असायला हवी होती. ती क्रमांकासह सापडली. अकृषक परवानगीचा आदेश, अंतिम मंजूर नकाशा आणि भूमी अभिलेख कार्यालयाने केलेले कमी-जास्त पत्रक या तिन्ही कागदांतले क्षेत्र जुळते का, ते पाहिले. कमी-जास्त पत्रक हा कागद गिऱ्हाईक सहसा मागत नाही, पण त्याच्याच आधारे मूळ गटाचे प्लॉटवार वेगळे सातबारे तयार होतात, आणि ते झाले नसतील तर खरेदीनंतर नाव चढवायला जागाच नसते. आमच्या दोन्ही प्लॉटचे स्वतंत्र सातबारे निघालेले होते.

त्यानंतर मूळ गटाचा इतिहास. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार यांच्या नकला काढून आम्ही वकिलाकडे दिल्या आणि तीस वर्षांचा शोध अहवाल घेतला. आमच्या भागात काही तपासण्या विशेष महत्त्वाच्या आहेत. जमीन कधी आदिवासी खातेदाराची होती का, हे पाहावेच लागते, कारण महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ नुसार ती बिगरआदिवासीला शासनाच्या पूर्वमान्यतेने दिलेल्या जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. आणि मारेगाव, झरी जामणीला लागून असलेल्या या पट्ट्यात गोंड, कोलाम खातेदार पूर्वीपासून आहेत. यवतमाळ जिल्ह्यात भूदानात मिळालेली जमीनही बरीच आहे. भूदानधारकाला ती कसण्यासाठी मिळालेली असते, विकण्यासाठी नाही. गावाच्या निस्तारपत्रकात, म्हणजे सामायिक वापराच्या जमिनींच्या नोंदीत, गुरचरण, पांदण, स्मशान यांसाठी राखून ठेवलेले क्रमांक पाहिले. जुन्या महसुली कागदांतली झुडपी जंगलाची, म्हणजे झुडपांच्या पडीक जमिनीची, नोंद तर विदर्भाबाहेरच्या वकिलाला चटकन सुचतही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी या जमिनी वनजमिनीच ठरवल्यापासून ती तपासणे अधिकच गरजेचे झाले आहे. आमचा गट भोगवटादार वर्ग १ चा, म्हणजे मालकाला मुक्तपणे विकता येणारा, निघाला आणि या सगळ्यांतून पार पडला. सोसायटीच्या पीककर्जाचा एक जुना बोजा मात्र फेडूनही सातबाऱ्यावर तसाच होता. विकणाऱ्याने कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला आणून तो कमी करून घेतला.

व्यवहार अडला तो एका फेरफारावर. ले-आऊट टाकणाऱ्या मालकाच्या वडिलांच्या मृत्यूनंतर वारसांची जी नोंद झाली होती, तिच्यात मुलगे, पत्नी आणि दोन मुली अशी नावे होती. पुढच्या फेरफारात दोन्ही मुलींची नावे ‘हक्क सोडल्यावरून’ कमी झाली होती. त्या हक्कसोडीचा कागद मागितला, तेव्हा साध्या कागदावर लिहिलेला आणि दोघींच्या अंगठ्यांचा जबाब पुढे आला. स्थावरातला हक्क सोडण्याचा असा लेख १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे नोंदवलेला असावा लागतो. मालकाचे म्हणणे असे की गावात सगळ्यांचे असेच आहे, आजवर कुणी विचारले नाही, आणि बहिणी कधी भांडायला येणार नाहीत. ते मनापासून बोलत होते, यात मला शंका नाही. या भागात भावाकडून हिस्सा मागणारी बहीण आजही नावे ठेवून घेते. तरीही हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ ची सुधारणा आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय यांनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि आज न भांडणाऱ्या बहिणीची मुले उद्या भांडू शकतात.

माझ्या पत्नीने इथे एक अट घातली, जी कायद्याच्या पलीकडची होती. नोंदणीकृत हक्कसोड पत्र करताना त्या दोघींना काहीतरी रक्कम मिळावी आणि ती त्यांच्या खात्यात जावी, असे तिने मालकाला तोंडावर सांगितले. मालक पहिल्यांदा रागावले, नंतर घरी बोलले, आणि अखेर तयार झाले. एक बहीण तालुक्यातच होती. दुसरी पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात दिलेली, तिचे सीतादहीचे, म्हणजे कापूसवेचणीच्या पूजेचे, दिवस आटोपल्यावर ती आली. दोघी दुय्यम निबंधकांसमोर उभ्या राहिल्या, छायाचित्रे आणि अंगठे झाले. पत्नीने त्या अडाणी नसल्याचे हेरून दस्त त्यांच्याकडूनच वाचून घेतला, आणि धाकटीने त्यात गट क्रमांकातली एक चूक दाखवून दिली, जी टंकलेखकाच्या आणि वकिलाच्या नजरेतून सुटली होती.

तोवर आम्ही इसार दिलेला होता, आणि त्याबाबतही थोडे सांगायला हवे. इथे इसार रोख देण्याची पद्धत आहे. २०१५ पासून आयकर कायद्यानुसार स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारता येत नाही, हे सांगितल्यावर विकणाऱ्याच्या बाजूने नाराजी झाली, पण आम्ही सगळी रक्कम धनादेशाने आणि बँकेतूनच दिली. इसारपत्रात आम्ही स्पष्ट लिहून घेतले की हक्कसोड पत्र आणि मोजणी हे दोन्ही खरेदीआधी होतील, आणि न झाल्यास इसार परत मिळेल. वकिलाच्या नावाने स्थानिक दैनिकात जाहीर सूचनाही दिली; तिच्यावर हरकत आली नाही.

मोजणीचा आग्रह शेजारच्या प्लॉटधारकांना आवडला नाही. मंजूर नकाशावर रस्ता नऊ मीटरचा आहे, तर जागेवर लोकांनी आपापली कुंपणे रस्त्याच्या मुरमापासून अंदाजाने मोजून घातलेली. भूमी अभिलेखच्या भूकरमापकाने उपग्रहाच्या आधारे चालणारे रोव्हर यंत्र लावून हद्दी काढल्या, तेव्हा आमच्या प्लॉटची पूर्वेची हद्द शेजाऱ्याच्या तारेच्या आत काही फूट गेली आणि पश्चिमेला तेवढीच जागा आमच्याकडे रिकामी दिसत होती ती पुढच्याची निघाली. म्हणजे कुणाचे क्षेत्र कमी नव्हते, सगळी रांगच सरकलेली होती. पूर्वेच्या शेजाऱ्यांशी दोन संध्याकाळी चहावर बोलणे झाले. त्यांनी तार काढून नव्या दगडांवर लावायचे कबूल केले, मजुरी आम्ही निम्मी दिली. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत आम्ही त्यांनाही दिली. ले-आऊटमधली दहा टक्के खुली जागा नकाशाप्रमाणे जागेवर आहे हेही त्याच दिवशी पाहून घेतले, कारण अशा जागेत कालांतराने एखादा जादा प्लॉट उगवल्याची उदाहरणे आसपास आहेत. निर्गुडा नदीकडे जाणारा एक नाला ले-आऊटच्या खालच्या टोकाला आहे. नदीकाठी २५ वर्षांच्या पुराची निळी आणि १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा आखलेली असते, ती नकाशावर कुठून जाते ते आम्ही पाहिले. आमचे प्लॉट वरच्या अंगाला आहेत.

नोंदणीचा दिवस त्या मानाने साधा गेला. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याची (रेडी रेकनरची) किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर लागते. आमच्याकडे ठरलेली किंमत जास्त होती. नोंदणी फी एक टक्का, कमाल तीस हजार रुपये. दोन प्लॉटची दोन स्वतंत्र खरेदीखते केली, म्हणजे उद्या भावाला त्याचा प्लॉट विकायचा किंवा तारण ठेवायचा झाल्यास माझ्या सहीची गरज पडू नये. वकिलाने एकाच दस्तात दोन्ही घेतले तर टंकलेखन वाचेल असे सुचवले होते. त्या बचतीचा मोह आम्ही टाळला. सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, हाती आल्यावर फेरफाराची प्रक्रिया संगणकावरूनच सुरू झाली, संबंधितांना नोटिसा गेल्या, पंधरा दिवसांची हरकतीची मुदत संपली, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि आमची नावे सातबाऱ्यावर आली. लोक याला अजून पटवाऱ्याकडे नाव चढवणे म्हणतात, जरी तलाठ्याचे अधिकृत पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे.

बांधकामाला हात घालण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याने दोन्ही प्लॉटवर चाचणीखड्डे घ्यायला लावले. वर पुरुषभर काळी माती आणि तिच्याखाली मुरूम लागला, तोही भावाच्या बाजूला थोडा खोल. पाया मुरमापर्यंत न्यायचा, काळी माती घराखाली भरावाला वापरायची नाही, जोत्याखाली सलग काँक्रीटची तुळई घ्यायची आणि भोवती पाणी मुरणार नाही असा उताराचा फरसबंदी पट्टा ठेवायचा, असे त्याने सुचवले आहे. त्याचा खर्च प्लॉटच्या किमतीच्या मानाने डोळ्यांत भरणारा आहे, म्हणून भावाने आपले बांधकाम सध्या पुढे ढकलले आहे. आमचा नकाशा मंजुरीसाठी सादर झाला आहे, आणि ले-आऊटमधली खुली जागा ग्रामपंचायतीकडे रीतसर हस्तांतरित व्हावी यासाठी प्लॉटधारकांनी केलेल्या अर्जावर पूर्वेच्या शेजाऱ्यांच्या सहीखाली आम्हा दोघा भावांच्या सह्या आहेत.